पन्हळ आणि मोरी

वैशाख उतरणीस लागला म्हणजे पूर्वीं घरोघरीं शाकारणीची घाई सुरू होई. फुटकीं कौलें बदलावीं, पन्हळींतील पालापाचोळा काढावा, परसांतलें जळण आंत घ्यावें आणि मग मृगाची वाट पाहत निश्चिंत बसावें, असा आमच्या वडीलधाऱ्यांचा क्रम असे. पुढें वाडे गेले, सिमेंटाच्या गच्च्या आल्या, आणि शाकारण्याजोगें घरावर कांहीं उरलें नाहीं. तेव्हां पावसाळ्याची तयारी म्हणजे छत्र्या दुरुस्त करून घेणें एवढीच, अशी आमचीही समजूत झाली होती. ती समजूत किती पोकळ होती हें आम्हांस एका रात्रींत कळून आलें. विषय मोरीचा व मैलापाण्याचा आहे, यास्तव वाचकांनीं नाक मुरडूं नये. ज्या गोष्टीविषयीं बोलावयाची आपणांस लाज वाटते, तिची हेळसांडही आपल्या हातून सर्वांत अधिक होते.

आमचें घर पुण्यास आहे. तिघां भावांचीं बिऱ्हाडें, लहानमोठीं धरून बारा माणसें, आणि त्यांत तळमजल्याच्या खोलींत आमच्या आत्याबाई. त्यांचें वय तेव्हां चौऱ्यांशीं. जिना चढवत नसे म्हणून खालची खोली व तिला लागून असलेलें न्हाणीघर त्यांच्याकडे होतें. गच्चीच्या पन्हळीचें पाणी अंगणांत पडून चिखल होई व त्यांचा पाय घसरेल अशी आम्हांस धास्ती वाटे. म्हणून आम्हीं एक युक्ति काढली. गच्चीवरून उतरणारा नळ सरळ घराच्या मैलापाण्याच्या चेंबरांत सोडून द्यावयाचा! कामास आलेल्या प्लंबरनें हरकत घेतली. "काका, पावसाचं पाणी ड्रेनेजला जोडत नाहींत," असें तो म्हणाला. आम्ही पडलों शिकलेसवरलेले. त्याचें काय म्हणून ऐकावें? "अरे, पाणी तें पाणी," असें म्हणून आम्हीं त्यास गप्प केलें. अंगण कोरडें झालें, आणि आम्ही आपल्या बुद्धीवर खूष झालों.

२०१९ सालच्या सप्टेंबरची २५ तारीख पुणेकर विसरणार नाहींत. त्या रात्रीं आंबिल ओढ्यास आलेल्या पुरानें कात्रज, अरण्येश्वर, सहकारनगर या भागांत हाहाकार उडविला. भिंती कोसळल्या, माणसें प्राणांस मुकलीं. आमचें घर ओढ्यापासून बरेंच दूर, तेव्हां आम्ही वरच्या मजल्यावर निर्धास्त होतों. पुराचें पाणी दारांतून येतें, एवढेंच आम्हांस ठाऊक. आमच्याकडे तें मोरींतून आलें.

प्रथम खालच्या मोरींत गुडगुड असा आवाज झाला, मग काळें पाणी वर येऊं लागलें. त्याच वेळीं वर कोणी स्नान करीत होतें, कोणी भांडीं विसळीत होतें, धुण्याचें यंत्रही चालू होतें. वर बादली रिकामी झाली कीं खालीं पाणी चढे. आणि पावसाच्या गजरांत आत्याबाईंच्या हांका कोणास ऐकूं येत नव्हत्या. धाकट्या वहिनी त्यांस दूध देण्यास खालीं गेल्या तेव्हां कोठें प्रकार उघडकीस आला. आम्ही धांवत गेलों. खोलींत घोटाभर घाण पाणी, आणि आत्याबाई पलंगावर, मांडीवर देवांचें ताम्हन घेऊन बसलेल्या. चौरंगावरचे देव उचलण्यासाठीं त्या पाण्यांतून एकदां जाऊन आल्या होत्या. त्या रागावल्या नाहींत. "अरे, वर तुम्ही काय काय सोडतां, तें आज इथं बसून मला सगळं कळलं," एवढेंच म्हणाल्या. एरवीं अशा बोलण्यावर घरांत हंशा पिकला असता. पुढें त्यांनीं तापानें पंधरा दिवस अंथरूण धरलें, आणि ते पंधरा दिवस आम्हांस त्यांच्या डोळ्यांस डोळा देववला नाहीं.

आम्हीं त्याच प्लंबरला पुन्हां बोलाविलें. "मीं सांगितलं होतं," हे शब्द त्यानें उच्चारले नाहींत, हा त्याचा मोठेपणा. त्यानें समजावून दिलें तें असें. शहरांत पाण्याच्या वाटा दोन. पावसाचें पाणी आपल्या गटारांतून ओढ्यास व नदीस जावयाचें. मैलापाणी बंद नळांतून शुद्धीकरणास जावयाचें. हा दुसरा नळ घरगुती वापराच्या मानानें घातलेला असतो. त्यावर आम्हीं हिशेब करून पाहिला. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला कीं एक लिटर पाणी होतें. आमची गच्ची सुमारें १४० चौरस मीटरांची; तासांत ५० मिलिमीटर पाऊस झाल्यास ७,००० लिटर पाणी तिच्यावरून उतरतें. माणशीं १३५ लिटर धरल्यास आमच्या घरचा दिवसाचा वापर १,६२० लिटर. म्हणजे चार दिवसांहून अधिक वापराचें पाणी एका तासांत! एका घरानें असें केल्यास नळ कदाचित् सोसेल. पण आळींत आमच्यासारखे शहाणे आणखीही होते. नळ तुडुंब भरला कीं पाणी जवळचें सखल तोंड शोधतें. रस्त्यावर वर्षानुवर्षें डांबराचे थर चढून तो आमच्या जोत्याहून उंच झाला होता, म्हणून तें तोंड आत्याबाईंच्या मोरीचें निघालें.

मग आम्हीं सुधारणा केल्या. पन्हळीचा नळ चेंबरांतून काढून अंगणांतील शोषखड्ड्यांत सोडला व त्याचें वरचें पाणी रस्त्याच्या पावसाळी गटारास दिलें. बाहेरच्या नळावर एकाच दिशेनें उघडणारी झडप बसविली; घरांतलें पाणी तिच्यांतून जातें, बाहेरचें आंत येऊं लागलें कीं ती मिटते. गली ट्रॅपचें तोंड जमिनीहून वीतभर उचलून घेतलें, कीं अंगणांतलें पाणी त्यांत शिरूं नये. मात्र झडपेस एक पथ्य आहे. ती मिटलेली असतां वरच्या मजल्यांवरचें पाणीही बाहेर जाऊं शकत नाहीं. तें खालींच तुंबतें. वरच्या मजल्यांचा नळ झडपेच्या पुढें निराळा जोडतां आला तर उत्तम; आमच्या घरीं जागेअभावीं तें जमलें नाहीं. म्हणून आत्याबाईंची पूजेची घंटा जिन्यापाशीं टांगली. पाऊस कोसळूं लागला कीं खालच्या माणसानें ती वाजवावी, आणि वर सर्वांनीं नळ बंद करावे.

दोन गोष्टी मात्र कोणींही कधीं करूं नयेत. पाणी ओसरावें म्हणून रस्त्यावरील चेंबरचें झांकण उघडूं नये. २९ ऑगस्ट २०१७ रोजीं मुंबईस तुंबलेल्या पाण्यांतून पायीं घरीं जाणारे एक विख्यात डॉक्टर उघड्या मॅनहोलांत पडून मृत्यु पावले. दुसरें, तुंबलेल्या चेंबरांत माणूस उतरवूं नये. आंत हायड्रोजन सल्फाइडसारखे विषारी वायु सांचतात व क्षणार्धांत जीव घेतात. २०१३ च्या कायद्यानें असें काम करून घेणें गुन्हा ठरविलें आहे. पण हें सांगावयास कायदा कशास हवा होता? जुन्या वाड्यांत मागच्या बोळानें येऊन जीं माणसें आमचा मैला डोक्यावरून नेत, त्यांचीं नांवें सोवळ्यांत वावरणाऱ्या आमच्या घरांत कोणास ठाऊक नव्हतीं. घाण आपल्या नजरेआड झाली कीं ती संपली, असें आपण मानीत आलों. ती संपत नाहीं. ती कोणाच्या तरी डोक्यावर किंवा कोणाच्या तरी खोलींत जाते.

आतां दर वर्षीं मृगाआधींच्या रविवारीं आमच्या घरीं शाकारणी होते. गच्ची झाडतों, झडप उघडून धुतों, चेंबरांत झाडांचीं मुळें शिरलीं आहेत काय तें पाहतों. तूपतेल मोरींत न ओततां कागदानें पुसून टाकण्याची शिस्त मुलांसही लागली आहे.

आत्याबाई आज नाहींत. त्यांच्या खोलींत नातवंडें अभ्यासास बसतात. परंतु आभाळ फुटल्यासारखा पाऊस लागला व जिन्यापाशीं ती घंटा वाजली, कीं तिन्ही मजल्यांवर नळ बंद होतात, आणि कोणी तक्रार करीत नाहीं.