लाल सीट

पाटणच्या वर डोंगरात आमची वाडी. एसटी दिवसातून एकदा यायची, पावसाळ्यात तीही नाही. 1995 साली आबांनी दोन दुभत्या म्हशी विकल्या, थोडं सोसायटीचं कर्ज काढलं आणि जुनी डिझेल जीप घेतली. मी वडाप करू लागलो.

जीप कितव्या मालकाची हे विचारायचं नसतं. पुढची सीट म्हणजे पत्र्यावर चार बोटं स्पंज, त्यातलाही निम्मा उंदरांनी नेलेला. मागं समोरासमोर दोन लांब बाकडी आणि त्यांच्या कडेला लोखंडी अँगल. वाडीतल्या म्हाताऱ्या घरनं पोतं आणून त्यावर बसायच्या. एक आजी उतरताना रोज म्हणायची, "तुज्या गाडीत बसण्यापरास चालत ग्येल्यालं बरं. हाडं तरी जाग्याव ऱ्हात्यात." पैसे मात्र मोजून द्यायची.

हेडलाईटचं दुखणं निराळं. गाडी आदळली की लाईट मंद व्हायची, परत आदळली की यायची. इंडिकेटर लावला की हेडलाईटपण त्याच्यासंगं डोळे मिचकवायची. मी तीनदा बल्ब बदलले. चार दिवस बरी चालायची, पुन्हा तेच. मग बॉनेटच्या कडेला एक बुक्की मारायची सवय लागली. बुक्की मारली की लाईट यायची. त्यालाच मी दुरुस्ती समजत होतो.

थोरला भाऊ मुंबईला माथाडी. दिवाळीला आला तेव्हा रात्री एकदा माझ्या शेजारी बसला होता. जाताना त्यानं आठशे रुपये हातात ठेवले. म्हणाला, "आधी लाईटीचं काम कर. घरात वहिनी जड अंगाची हाय."

मी पाटणला गेलो तो लाईटसाठीच. पण दिवसभर गाडी चालवून माझीच कंबर धरलेली. सीटवाल्याच्या दुकानात लाल रेक्झिन टांगलेलं दिसलं आणि मी भुललो. पुढच्या सीटला नवा स्पंज, वर लाल रेक्झिन, कडेला पांढरी पायपिन. साडेसातशे गेले. उरलेल्यात एक बल्ब आणला, चौथा. मागच्या बाकड्यांना काहीच नाही. मागं मी थोडाच बसत होतो!

माघ महिना, अवसेच्या आसपासची रात्र. वहिनीच्या पोटात कळा सुरू झाल्या. पाटणच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, मूल आडवं आहे म्हणाल्या, ताबडतोब कराडला न्या. मागच्या बाकड्यावर आईनं वाकळ अंथरली, वहिनीचं डोकं मांडीवर घेतलं. पुढं लाल सीटवर मी आणि चुलतभाऊ.

मल्हारपेठ मागं पडलं आणि एका खड्ड्यात गाडी आदळली. लाईट गेली. उतरून बुक्की मारली. दोन मारल्या, चार मारल्या. काही नाही. डिझेल इंजिन, ते आपलं चालूच होतं. पुढं सगळा काळोख. मागनं वहिनीचा आवाज येत होता. "आत्या, कवा येनार कराड?" एवढंच ती परत परत विचारत होती.

चुलतभाऊ हातबॅटरी घेऊन बॉनेटवर बसला. तिचा उजेड कासराभर. कारखान्याचा हंगाम, रस्त्यावर उसाच्या गाड्या. बऱ्याच गाड्यांच्या खाली कंदील टांगलेला असायचा. एकीचा विझला होता. चुलतभाऊ ओरडला, "थांब! थांब!" मी ब्रेकवर उभाच राहिलो. उसाचे शेंडे काचेला लागले. मागं वहिनी बाकड्यावरनं घसरली आणि आईनं तिला तशीच कवेत धरली.

नंतर एक दुधाचा टेम्पो पुढं गेला. त्याचा मागचा लाल दिवा धरून, त्याला चिकटून आम्ही कराड गाठलं. तास-दीड तासाच्या वाटेला तीन तास लागले. पहाटे ऑपरेशन झालं. मुलगी झाली. दोघी वाचल्या.

सकाळी स्टँडजवळच्या एका मिस्त्रीनं बॉनेट उघडलं. बल्बला हातसुद्धा लावला नाही. बॅटरीपासनं एक वायर काढून हेडलाईटच्या पत्र्याला टेकवली, तशी दोन्हीकडं लख्ख उजेड. "अर्थिंग न्हाई तुमाला," म्हणाला. बॉडीला धरलेला एक बोल्ट गंजला होता. त्यानं तो पॉलिश पेपरनं घासला, आवळला, वर ग्रीस लावलं. वीस रुपये झाले. मी तिथंच हिशेब केला. चार बल्ब आणि वीस रुपये.

वाडीत आल्यावर आई बाळंतिणीला शेकत होती. तिनं मला हाक मारली नाही. मीच चहाला आत गेलो. पडद्याआडनं तिचं बोलणं ऐकू आलं. "पाठीवर काळं-निळं झालंय गं, अँगलचा वळ हाय ह्यो." वहिनी म्हणाली, "ऱ्हाऊ दे आत्या. भावजींना सांगू नगा."

बारशाला भाऊ आला. रात्री मी त्याला आणायला कराड स्टँडवर गेलो. आईपण बाजाराचं निमित्त काढून आली होती, ती मागं बसली, वाकळ टाकून. भाऊ पुढं बसला. सीटवर दोनदा थाप मारली. "झकास झालीय की रं." गाव सोडल्यावर मी लाईट लावली. रस्ता पार लांबवर दिसायला लागला, दोन्ही बाजूचा ऊस, मैलाचा दगड, सगळं. भाऊ बघत राहिला आणि म्हणाला, "पैसं कारनी लागलं म्हनायचं."

मी आरशात बघितलं. आई बाहेर बघत होती. मी गिअर बदलला.