आमच्या टाकीत पोपटमासा का नाही

हवाईला जाऊन आलेले पाहुणे आमची माशांची टाकी बघून हमखास विचारतात, "यात पोपटमासा नाही?" हनौमा बेमध्ये पाण्यात तोंड घातलं की दिसणारा तो निळा-हिरवा मासा त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नाही.

टाकी तशी लहान नाही. सहा फूट लांब, १८० गॅलनची. नुसत्या खाऱ्या पाण्याचंच वजन जवळजवळ ७०० किलो, म्हणून ती बेसमेंटमध्ये काँक्रीटवर ठेवली आहे. गेल्या वर्षी दुकानात बोटभर लांबीचं पोपटमाशाचं पिल्लू आलं, तेव्हा लेकीने साठवलेले पैसे मोजून ठेवले.

आम्ही दोघांनी मिळून माहिती काढली. हवाईत याला 'उहू' म्हणतात. दात एकमेकांना जुळून त्याची चोच झालेली असते. तिने तो दिवसभर खडक आणि प्रवाळ खरवडतो, शेवाळ खातो. पोटात गेलेला चुनखडक घशातल्या दातांनी दळला जातो आणि वाळू होऊन बाहेर पडतो. मोठा मासा वर्षाला शेकडो किलो वाळू तयार करतो. तिथल्या पांढऱ्या पुळणीत याचा मोठा वाटा आहे. काही जाती रात्री अंगाभोवती चिकट कोष करून झोपतात.

आमच्या खडकांवरचं शेवाळ त्याला दोन दिवसही पुरलं नसतं. मग मोर्चा प्रवाळांकडे. नोरीचे तुकडे टाकता येतात, पण ते म्हणजे चरणाऱ्या गुराला दोन वेळा ताट वाढण्यासारखं. जास्त टाकलं तर पाण्यात नायट्रेट वाढतं.

आई तेव्हा गिरगावहून सहा महिन्यांसाठी आली होती. लहानपणी आम्हाला तारापोरवाला मत्स्यालयात नेणारी तीच. सगळं ऐकून ती नातीला म्हणाली, "अगं, खायला घालशील, पण दिवसभर तो करेल काय?"

ती माशाबद्दलच बोलत होती. पण आमच्या या गावात गाडीशिवाय दुकानातही जाता येत नाही आणि दुपारभर ती टाकीसमोर खुर्ची घेऊन बसायची. तिच्या ग्रीन कार्डचे कागद माझ्या टेबलावर होते. त्या रात्री मी ते तिच्या हातात दिले आणि म्हटलं, "तूच ठरव."

पिल्लू आम्ही आणलं नाही. लेकीचे पैसे आता हवाईच्या तिकिटासाठी साठताहेत. आईने कागद न भरता परत दिले. ती दर उन्हाळ्यात येते, आणि गणपतीच्या आधी गिरगावात पोचते.