ठाण्यात थांबायला सांगितलं तेव्हा

गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज आमच्या भागात वडसा म्हणूनच ओळखलं जातं. रेल्वेचं स्टेशनही वडसा. झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्यांची कार्यालयं इथेच. दिवाळी सरली की गावोगावचे लोक नाटक ठरवायला वडशाला येतात आणि हंगामभर रात्र रात्र जागून नाटकं बघतात. कायदा शिकणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला मात्र हे गाव दुसऱ्याच एका रात्रीमुळे ठाऊक असतं. 26 मार्च 1972 ची ती रात्र. गडचिरोली जिल्हा तेव्हा वेगळा झाला नव्हता. तो झाला 26 ऑगस्ट 1982 ला. तोवर हा सगळा मुलूख चांद्यात, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातच होता.

आईबापाविना वाढलेली, भावाकडे राहणारी, मोलमजुरी करणारी एक आदिवासी मुलगी. डॉक्टरांनी तिचं वय 14 ते 16 वर्षं ठरवलं. एका मुलाशी लग्न करायचं तिच्या मनात होतं. भावाला ते पसंत नव्हतं. त्याने तक्रार दिली की बहिणीला पळवून नेलंय. म्हणून त्या रात्री सगळ्यांना ठाण्यात बोलावलं गेलं. बयाणं साडेदहाच्या सुमारास संपली. मोठ्या जमादाराने भावाला बहिणीच्या जन्मतारखेचा दाखला आणायला सांगितलं आणि स्वतः घरी निघून गेला. मंडळी उठून निघाली. तेव्हा ड्युटीवरचा शिपाई आणि दुसरा जमादार यांनी मुलीला थांबायला सांगितलं आणि सोबतच्यांना बाहेर जायला सांगितलं. सांगितल्याप्रमाणे झालं, असं निकालपत्रात एका छोट्या वाक्यात नोंदवलंय.

मी त्या वाक्यापाशी दर वेळी अडतो. भाऊ सोबत होता. जिच्या घरी ती कामाला होती ती बाई होती, ज्याच्याशी लग्न ठरलं होतं तो मुलगाही होता. सगळी आपली माणसं, आणि सगळी बाहेर गेली. का गेली, हे आमच्या भागात कुणाला विचारावं लागत नाही. पोलीस ठाण्याच्या पायरीशी चपला काढून आत जाणारे म्हातारे मी पाहिलेत. समोर बाक रिकामा असतो, तरी ते भिंतीला टेकून उभे राहतात. साहेबाने नाव विचारलं तर आधी हात जोडतात, मग नाव सांगतात. कुणी त्यांना तसं करायला सांगितलेलं नसतं. जंगल खात्याचा नाकेदार, तलाठी आणि ठाण्यातला शिपाई एवढंच सरकार ज्यांनी पिढ्यान् पिढ्या जवळून पाहिलं, त्यांना थांब म्हटलं की थांबायचं आणि जा म्हटलं की जायचं हे अंगवळणी पडलेलं असतं.

बाहेर उभ्या असलेल्यांना थोड्याच वेळात दिसलं की ठाण्यातले दिवे गेलेत आणि दार आतून बंद आहे. ती बाई मागच्या बाजूला जाऊन हाका मारू लागली. माणसं जमली. मुलगी केव्हाच गेली, असं सांगण्यात आलं. मग मुलगी बाहेर आली. शिपायाने आपल्याला ठाण्याच्या मागे असलेल्या संडासात नेलं, मग मागच्या पडवीत आपल्यावर बलात्कार केला आणि नंतर दुसऱ्या जमादारानेही अंगाला हात लावला, असं तिने सांगितलं. जमाव खवळला. ठाणं पेटवून देऊ म्हणाला. तेव्हा कुठे मोठ्या जमादाराला घरून बोलावलं गेलं आणि तक्रार लिहिली गेली. ती लिहिली गेली त्याच ठाण्यात, त्याच टेबलावर. जमाव जमला नसता तर कागदावर एक ओळही आली नसती, याबद्दल मला शंका नाही.

पुढचं सगळं कोर्टांत घडलं. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने 1 जून 1974 ला दोघांना सोडलं आणि मुलीला खोटारडी ठरवलं. तिचा आधी संबंध आला होता, मग तिची संमतीच असणार, असा तर्क होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 12 ऑक्टोबर 1976 ला तो निकाल फिरवला. भीतीपोटी हतबल होऊन गप्प राहणं आणि मनापासून राजी असणं यांत फरक आहे, असं खंडपीठाने म्हटलं आणि शिपायाला पाच वर्षांची, जमादाराला एक वर्षाची शिक्षा दिली. 15 सप्टेंबर 1978 ला सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार केला नाही. आपल्या माणसांदेखत तिला वेगळं काढलं तेव्हा ती ओरडली नाही, म्हणजे तिला भीती नव्हती. निकालाचा सारांश एवढाच.

वडशाच्या त्या अंधारात उभ्या असलेल्या, बहुधा अंगठेबहाद्दर असलेल्या माणसांना दिवे गेल्याबरोबर जे कळलं, ते देशातल्या सर्वात मोठ्या कोर्टाला साडेसहा वर्षांनीही कळलं नाही. याचा मला आजही संताप येतो. ती माणसं काही जास्त शहाणी नव्हती. ठाण्यात पोलिसाला नाही म्हणता येत नाही, एवढं त्यांना स्वतःच्या अनुभवाने माहीत होतं. ती माणसं स्वतःच बाहेर जा म्हटल्यावर निमूट बाहेर गेली होती. मोठ्या बापयांना जिथे उंबऱ्यावर अडून राहता आलं नाही, तिथे चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीने ओरडावं, ओरबाडावं, अंगावर जखमा घेऊन यावं, ही अपेक्षा कुठून आली? ठाण्याच्या चार भिंतींचं वजन न्यायमूर्तींनी हिशेबातच घेतलं नाही.

आणि ते त्याच न्यायालयाला ठाऊक नव्हतं असंही नाही. 1978 च्याच एप्रिलमध्ये ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांच्या खटल्यात न्यायालयाने बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलावण्यावर कडक शब्दांत नापसंती नोंदवली होती. बाईची चौकशी ती राहते तिथेच करावी, असं 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत लिहिलेलंच होतं. ठाण्यात बसलेल्या माजी मुख्यमंत्र्यांची अडचण न्यायालयाला दिसली. पाच महिन्यांनी मजूर मुलीची दिसली नाही.

वर्षभराने, 16 सप्टेंबर 1979 ला, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. 1980 च्या महिला दिनी ठिकठिकाणी मोर्चे निघाले. नागपुरात सीमा साखरे यांच्यासारख्या कार्यकर्त्या उभ्या राहिल्या. निकाल बदलला नाही, कायदा बदलला. 1983 च्या दुरुस्तीनंतर कोठडीतल्या बलात्काराला किमान दहा वर्षांची शिक्षा आली. अशा खटल्यात संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि संमती नव्हती असं बाई म्हणाली, तर कोर्टाने ती नव्हती असंच धरून चालायचं, हे पुराव्याच्या कायद्यात आलं. केवळ अंगाने प्रतिकार केला नाही म्हणून संमती मानायची नाही, हे कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहायला 2013 उजाडलं.

त्याच 1983 च्या दुरुस्तीने पीडितेचं नाव छापणं गुन्हा ठरवलं. जिच्यामुळे हे कलम आलं, तिचं नाव मात्र कायद्याच्या प्रत्येक पुस्तकात आहे. निकालाच्या खंडांत हा खटला ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ म्हणून छापला आहे. लोकांच्या तोंडी तो तिच्या नावाने आहे. चळवळीने ते नाव आपुलकीने घेतलं, हे मला मान्य आहे. तरी मी ते इथे लिहीत नाही. तिच्या वाट्याला आलेल्या न्यायात निदान एवढी भर घालावी, असं वाटतं.

आज गडचिरोलीतल्या ठाण्यांमधून ‘पोलीस दादालोरा खिडकी’ चालते. जातीचा दाखला, योजनांचे अर्ज, कागदपत्रं यांसाठी लोक तिथे जातात. तहसील लांब असलेल्या गावांना त्याचा खरोखर उपयोग होतो आणि नक्षल्यांच्या भूसुरुंगांना तोंड देत नोकरी करणाऱ्या पोलिसांबद्दल मला आदर आहे. पण दाखलाही ठाण्यातच, चौकशीही ठाण्यातच, मग ठाण्याविरुद्धची तक्रार कुठे? प्रकाश सिंह खटल्यात 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यात आणि जिल्ह्यात पोलीस तक्रार प्राधिकरणं नेमायला सांगितलं. महाराष्ट्राने 2014 च्या कायद्यात राज्य आणि विभाग एवढीच पातळी ठेवली. आमचा विभाग नागपूर. सिरोंच्याच्या माणसाला तिथवर जायचं म्हणजे मजुरी बुडते, वर एसटीचं भाडं आणि मुक्काम.

म्हणून 2 डिसेंबर 2020 चा परमवीर सिंग सैनी खटल्यातला आदेश मला जास्त जवळचा वाटतो. प्रत्येक ठाण्यात कॅमेरे हवेत, असं त्यात म्हटलंय आणि कुठे ते मोजून सांगितलंय: दार, व्हरांडा, कोठडी, संडासाच्या बाहेर, ठाण्याची मागची बाजू. यादी लिहिणाऱ्यांच्या मनात वडसा होतं की नाही, मला माहीत नाही. पण त्या रात्रीची प्रत्येक जागा त्या यादीत आहे. चित्रण किमान वर्षभर जपायचं आहे. ठाण्यात जबरदस्ती झाली तर दाद कुठे मागायची, याचा फलक दर्शनी भागात लावायचा आहे, इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत. आमच्याकडे स्थानिक भाषा म्हणजे नुसती मराठी नव्हे. भामरागडात माडिया आहे, धानोऱ्यात गोंडी, सिरोंच्यात तेलुगू, मुलचेऱ्यात बंगाली, कोरचीकडे छत्तीसगढी. फलक त्या त्या भाषेत हवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ग्रामसभेत तो मोठ्याने वाचून दाखवायला हवा, आणि वाचणारा माणूस ठाण्यातला नसावा.