ट्रेलरच्या चालीने मुंबईपर्यंत

ऐंशी ओलांडलेल्या माणसाला दोन दिवसांच्या प्रवासाला न्यावे का, हा प्रश्न माझ्या दवाखान्यात दर हिवाळ्यात येतो. विचारणारे बहुधा मुलगा किंवा सून. ज्यांच्याविषयी विचारले जाते ते शेजारच्या खुर्चीत गप्प बसलेले असतात. यंदा तो प्रश्न माझ्याच घरातून आला. पुण्यातल्या माझ्या काकांची १९५९ची फियाट ११०० मुंबईत जुन्या मोटारींच्या प्रदर्शनाला न्यायची होती. काका ८२ वर्षांचे. मधुमेह, रक्तदाब, वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी आणि तीन वर्षांपासून स्मृतिभ्रंशाची सुरुवात. गाडी न्यायची हे ठरले होते. काकांना न्यायचे की त्यांना मोबाइलवर सारे दाखवायचे, हे ठरत नव्हते. मी ‘न्यायचे’ म्हटले आणि स्वतः बरोबर गेले.

वाचकहो, या गाडीला मुंबई-पुण्यात ‘डुक्कर फियाट’ म्हणत, तिच्या गोलसर नाकाडामुळे. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती बाहेर पडे. इंजिन १०८९ सीसीचे, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. गाडी आजही चालते; तरी आम्ही ती ट्रेलरवर चढवली. कारण साधे होते. चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि बोरघाटाच्या लांब उतारावर ते तापून धरेनासे होतात. सीटबेल्ट नाहीतच. शिवाय २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी केली की ती रस्त्यावर केवळ प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन अशा मोजक्या कारणांसाठीच आणता येते.

काकांना ते रुचले नाही. “गाडी चालू आहे ना? मग उचलून कशाला नेता?” असे त्यांनी तीनदा विचारले. माझ्या चुलत भावाने तिन्ही वेळा ब्रेकचे कारण सांगितले, तितक्याच शांतपणे. तिसऱ्या वेळी काका म्हणाले, “उतारावर ड्रम तापतात, खरं आहे,” आणि विषय संपला. ‘बाबा, तुम्हाला कळत नाही, गप्प बसा’ या वाक्याने तो संपला नसता, रात्रीपर्यंत चालला असता. स्मृती क्षीण झालेल्या माणसालाही कारण हवे असते. ते पुन्हा पुन्हा सांगावे लागते, इतकेच.

ट्रेलरवर गाडी बांधताना पट्टे चाकांवरून घेतात, गाडी गिअरमध्ये ठेवतात, हँडब्रेक ओढतात. काही किलोमीटरनंतर मात्र पट्टे ढिले पडतात, म्हणून थांबून पुन्हा आवळावे लागतात, आणि पुढेही अधूनमधून पाहावे लागतात. डॉक्टर म्हणून मला हीच गोष्ट फार सोयीची वाटली. आम्ही मागच्या मोटारीत होतो, ट्रेलर थांबला की आम्हीही थांबत होतो: तळेगावजवळ, लोणावळ्यात, मग घाट उतरून खालापूरला. दर तासा-दीड तासाने काका उतरले, पट्ट्यांना हात लावून पाहिले, दहा पावले चालले, लघवीला जाऊन आले. ‘तुमच्यासाठी थांबलो’ असे कोणाला म्हणावे लागले नाही. त्या शब्दांचा ज्येष्ठांना जो संकोच होतो, त्यापायीच पुष्कळजण प्रवासात पाणी पिणे सोडतात. पाणी कमी पडले की उभे राहताना रक्तदाब घसरतो, चक्कर येते, लघवीचा संसर्ग होतो आणि मुळातच नाजूक असलेली स्मृती आणखी गोंधळते. एरवी साडेतीन-चार तासांचा रस्ता आम्हाला जवळजवळ सहा तासांचा झाला. मला तो अगदी योग्य वाटला.

औषधांचे दोन शब्द. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी प्रवासाच्या दिवशी परस्पर गाळू नका. काकांच्या फिजिशियनला विचारून आम्ही ती पोहोचल्यावर दिली. घाटात उलटी होऊ नये म्हणून औषधाच्या दुकानातून मिळणाऱ्या प्रोमेथाझिनसारख्या गोळ्या वृद्धांना गुंगी आणतात, गोंधळ वाढवतात, आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी अडवू शकतात. समोरच्या सीटवर बसवणे, नजर रस्त्यावर ठेवायला सांगणे आणि पोट अर्धे भरलेले असणे, इतके बहुतेकांना पुरते. इन्सुलिन डॅशबोर्डवर तापू देऊ नये आणि बर्फाला चिकटवूही नये. साखर आणि बिस्किटे हाताशी हवीत. घाटात वाहने अडकली की डिकीतली बिस्किटे असून नसल्यासारखी.

रात्र कठीण गेली, हे लपवण्यात अर्थ नाही. फोर्टातल्या लॉजवर आम्ही काकांची घरची चादर आणि उशी नेली होती, न्हाणीघरातला दिवा चालू ठेवला होता, भावाची खाट दाराला लावली होती. तरी रात्री दोनला ते उठले आणि काकू कुठे आहे म्हणून विचारू लागले. काकूंना जाऊन सहा वर्षे झाली. भावाने ‘आई गेली’ असे सांगितले नाही आणि ‘येईल आता’ असेही नाही. “आईची आठवण आली का?” एवढे विचारून तो शेजारी बसला. पाऊण तासाने काका झोपले. अपरिचित खोलीत असे होते. काळजी घेणाऱ्याने दुसऱ्या दिवशीच्या आपल्या झोपेचीही सोय आधी लावून ठेवावी. परतीला गाडी भावाने चालवली नाही, चालक वेगळा होता.

रविवारी सकाळी हॉर्निमन सर्कल. मधोमध बाग, भोवती अर्धवर्तुळात उभ्या दगडी इमारती आणि त्यांच्या कमानींखालची सलग सावली. वृद्धांना घेऊन जावे अशा मुंबईतल्या मोजक्या जागांत मी हिला धरते. एशियाटिकच्या पायऱ्या मात्र खालूनच पाहाव्यात. इराण्याचा ब्रून मस्का काकांनी चहात बुडवून खाल्ला, कवळीला दुसरा इलाज नाही.

फियाटची पुढची दारे उलटी उघडतात, बिजागरी मागच्या कडेला. वेगात दार सुटले तर वारा ते ओढून पूर्ण उघडतो, म्हणून ती पद्धत पुढे मागे पडली. पण उभ्या गाडीत गुडघे दुखणाऱ्यासाठी यासारखे दार नाही: पाठमोरे व्हा, बसा, दोन्ही पाय एकदम आत घ्या. आजच्या गाडीतही याच क्रमाने बसावे, आधी पाऊल टाकून नव्हे. काका असे बसले आणि कुणा मुलाने विचारले तसे दांड्याचे गिअर एकेक करून दाखवू लागले, हात न अडखळता. सकाळी आपण पुण्यात की मुंबईत हे त्यांना सांगता येत नव्हते. अंगवळणी पडलेल्या हालचाली मेंदूत उशिरापर्यंत टिकतात, म्हणून असे होते. मग त्यांनी चावी मागितली.

बॅटरीची तार आम्ही आधीच काढून ठेवली होती. चावी दिली, ती त्यांनी फिरवली, थोडा वेळ हातात धरली आणि परत केली.

वाहन परवान्यासाठी चाळिशीनंतर लागणाऱ्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर माझ्यासारखे डॉक्टर सह्या करतात. डोळे आणि कान आम्ही तपासतो. ओळखीच्या वळणावर माणूस थबकतो का, गाडीवर नवे ओरखडे दिसतात का, हे फक्त तुम्हाला माहीत असते. ते डॉक्टरांना सांगा, आणि ज्यांच्याविषयी सांगायचे त्यांच्यासमोर सांगा. काकांचे गाडी चालवणे तीन वर्षांपूर्वी तसेच थांबले. आठ महिने ते माझ्याशी बोलले नव्हते.

बक्षिसांसाठी थांबलो नाही. साडेअकराला निघालो, म्हणजे घाट उजेडात चढून अंधारापूर्वी घर गाठता आले. पोहोचल्यावर काकांचे दोन्ही घोटे सारखे सुजलेले होते. पाय उशीवर ठेवून निजवले, सकाळी सूज उतरली. एकच पाय सुजला, पोटरी दुखली किंवा गरम लागली, तर ती चोळू नका; रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, आणि त्यासोबत धाप लागली तर थेट रुग्णालयात न्या.