महिने बारा, सण तेरा: कोलकात्याच्या खाऊवाल्यांचं पंचांग

कोलकात्याला कधी जावं, असं कुणी विचारलं की आपण पटकन सांगतो, "हिवाळ्यात जा, उकाडा सोसवणार नाही." अस्सल बंगाली माणसाला हाच प्रश्न विचारून पाहा. तो उलट विचारेल, "काय खायचंय?" हिल्सा खायचा तर पावसाळ्यात या, नव्या गुळाचा संदेश हवा तर डिसेंबर-जानेवारीत या, आंब्याचा संदेश हवा तर घाम पुसायची तयारी ठेवून मे महिन्यात या. या शहरात ऋतू आभाळाकडे बघून ओळखावा लागत नाही. मिठाईच्या दुकानाची काच बघितली तरी पुरते.

बंगालीत म्हण आहे, 'बारो माशे तेरो पार्बोन'. महिने बारा आणि सण तेरा! पाहुण्याला ती गमतीची वाटते, पण ज्याचं पोट खाऊ विकण्यावर आहे त्याच्यासाठी ती धंद्याची गोष्ट आहे. आपल्याकडे दिवाळीचा फराळ, गणपतीतले मोदक किंवा लग्नसराईतले रुखवताचे पदार्थ करून घर चालवणाऱ्या बायका-माणसांना हे वेगळं सांगायला नको. चार दिवस पाय टेकायला उसंत नसते आणि नंतरचे दोन महिने कढई पालथी असते. हा चढउतार कसा सोसायचा? कोलकात्याच्या कित्येक दुकानांनी शंभर-दीडशे वर्षं तो सोसला आहे. खाण्याच्या निमित्ताने हे शहर हिंडताना, ते कसं जमलं हेही बघण्यासारखं आहे.

तेच दुकान, बदलती काच

वर्षाची सुरुवात होते एप्रिलच्या मध्यात, 'पोइला बोइशाख' म्हणजे बंगाली नववर्षाला. त्या दिवशी व्यापारी नवी खातेवही, 'हालखाता', उघडतात आणि गिऱ्हाइकांच्या हाती मिठाईचा डबा देतात. ज्येष्ठात येते जामाईषष्ठी. आपल्या धोंड्याच्या महिन्यातल्या जावयाला तीन वर्षांतून एकदा मान मिळतो, बंगाली जावई मात्र दरवर्षी वसूल करतो! मग रथयात्रेची जिलबी आणि पापड, पुढे दुर्गापूजा, विजयादशमीला घरोघरी जाऊन तोंड गोड करणं, कालीपूजेनंतरची भाऊबीज म्हणजे 'भाईफोंटा', डिसेंबरात नाताळ आणि पौष संक्रांतीची पिठे-पुली. भाद्र, पौष आणि चैत्र या महिन्यांत बंगाल्यांकडे लग्नं होत नाहीत, तेवढी मोठी मागणी बंद. पण बाकीचं वर्ष या सणांनी बांधून काढलेलं आहे.

उत्तर कोलकात्यात भीमचंद्र नाग यांचं दुकान १८२६ पासून, तर गिरीशचंद्र दे आणि नकुरचंद्र नंदी यांचं १८४४ पासून आहे. दक्षिणेला भवानीपुरात बलराम मल्लिक यांचं १८८५चं दुकान आहे. अशा दुकानांत बारकाईने पाहिलं तर एक गोष्ट ध्यानात येते. मूळ माल एकच, तो म्हणजे फाडलेल्या दुधाचा छेना. त्यात साखर घालून परतला की संदेश होतो. उन्हाळ्यात त्यात आंबा येतो, हिवाळ्यात नोलेन गूळ. लग्न असेल तर साचा माशाचा किंवा फुलपाखराचा, एरवी शंखाचा नाहीतर फुलाचा. कारागीर तोच, कढई तीच, चव मात्र ऋतूची. त्यामुळे गिऱ्हाइकाला दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा यायला नवं कारण मिळतं आणि दुकानदाराला नवं सामान-सुमान घ्यावं लागत नाही.

उन्हाळ्याचा धंदा बघायचा तर कॉलेज स्क्वेअरजवळ 'पॅरामाऊंट'मध्ये जावं. हे १९१८ साली सुरू झालेलं सरबताचं दुकान. शहाळ्याचं पाणी आणि कोवळी मलई घातलेलं 'डाब सरबत' ही इथली खासियत. ते करण्याची कल्पना थोर रसायनशास्त्रज्ञ आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी दिली, असं सांगतात. थंडीत असंच काम न्यू मार्केटमधली 'नाहूम'ची बेकरी करते. बगदादी ज्यू कुटुंबाने १९०२ साली हा व्यवसाय सुरू केला. आज कोलकात्यात ज्यू अगदी थोडे उरले आहेत, पण नाताळ जवळ आला की नाहूमच्या प्लम केकसाठी हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असे सगळेच रांगेत उभे असतात. आणि डिसेंबर सरल्यावर? तेव्हा लेमन टार्ट, पॅटिस आणि पाव आहेतच. सणाचा एक पदार्थ नाव कमावून देतो, रोजचे पदार्थ दुकान चालू ठेवतात.

गूळ काढणारे हात

नोलेन गुळाचं वेड काय असतं, ते हिवाळ्यात कोलकात्याला गेल्याशिवाय कळत नाही. हा गूळ उसाचा नव्हे, खजुराच्या जातीच्या झाडाचा. आपण ज्याला शिंदी म्हणतो, तेच हे झाड. गुळासाठी रस काढणाऱ्याला बंगालीत 'शिउली' म्हणतात. थंडी पडू लागली की शिउली झाडाच्या शेंड्याजवळची साल तासतो, संध्याकाळी तिथे मडकं बांधतो आणि पहाटे उजाडायच्या आत उतरवतो. ऊन लागलं की रस आंबतो, म्हणून तो लगेच मोठ्या पसरट भांड्यात आटवायचा. झाडालाही दर काही दिवसांनी विश्रांती द्यावी लागते. विश्रांतीनंतरच्या पहिल्या कापाचा रस सगळ्यात गोड मानतात, त्याला नावच आहे 'जिरेन काट', म्हणजे विसाव्यानंतरचा काप.

हा सारा खेळ थंडीवर चालतो. रात्री जितक्या गार आणि कोरड्या, तितका रस स्वच्छ आणि सुगंधी. ढगाळ हवा आली, थंडी उशिरा पडली की रस बिघडतो. त्यात काटेरी झाडावर अंधारात चढण्याचं काम अवघड, शिवाय ते तीन-चार महिन्यांचंच. उरलेले आठ महिने शिउलीने काय करायचं? शेतमजुरी, नाहीतर परगावी काम. मुलांना हे नको वाटलं तर त्यांना दोष कसा द्यावा? दक्षिण चोवीस परगणा जिल्ह्यातल्या जयनगरचा 'मोआ', म्हणजे कनकचूर धानाच्या लाह्या आणि नोलेन गुळाचा लाडू, याला २०१५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ मध्ये नोलेन गुळाच्या संदेशालाही ते मिळालं. राज्याच्या खादी ग्रामोद्योग मंडळाने हा गूळ टूथपेस्टसारख्या ट्यूबमध्ये भरून विकायला काढला, म्हणजे तो हंगामानंतरही टिकावा. चांगलंच झालं. पण मानांकन कागदावर असतं आणि गूळ झाडावरून उतरवायचा असतो. शहरातलं दुकान हंगामाप्रमाणे काच बदलून तरून जातं, खेड्यातल्या शिउलीला मात्र बदलायला दुसरी काच नसते. मिठाईचा तुकडा तोंडात विरघळताना एवढं ध्यानात असलेलं बरं.

न खाण्याचाही हंगाम

माशाचं गणित याहून जुनं. हिल्सा, बंगाल्यांचा लाडका 'इलिश', पावसाळ्यात समुद्रातून नदीत शिरतो. पूर्व बंगालातून आलेल्या अनेक घरांत रीत अशी, की आश्विनातल्या लक्ष्मीपूजेपासून माघातल्या सरस्वती पूजेपर्यंत इलिश खायचा नाही. सरस्वती पूजेला इलिशची जोडी आणायची आणि मग पुन्हा सुरुवात. आपले कोळी बांधव नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यावर जात नाहीत, त्याचाच हा बंगाली भाऊ! अंडी घालण्याच्या आणि पिल्लं वाढण्याच्या काळात माशाला सवड मिळायची. आता कायदाही आहे. पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारी बंद असते आणि पश्चिम बंगालात २३ सेंटिमीटरपेक्षा लहान हिल्सा पकडायला मनाई आहे. तरीही बाजारात लहान हिल्सा दिसतो, गिऱ्हाईक घेतं म्हणून विकला जातो. आज स्वस्तात खाल्लेलं पिल्लू म्हणजे पुढच्या पावसाळ्यातला मोठा मासा कमी, हा हिशोब दुकानदाराइतकाच खाणाऱ्यानेही करायला हवा.

बाजारात रोज वेगळा मासा आणि रोज वेगळा भाव. मग खाणावळवाल्याने काय करावं? याचं उत्तर कोलकात्याच्या 'पाइस हॉटेलां'नी फार पूर्वी शोधून ठेवलं. पैशापैशाच्या हिशोबाने जेवण देणारी म्हणून हे नाव. जानबाजारातलं सिद्धेश्वरी आश्रम, कॉलेज स्ट्रीटजवळच्या भवानी दत्त गल्लीतलं स्वाधीन भारत हिंदू हॉटेल ही त्यातली नावाजलेली ठिकाणं. परगावाहून शिकायला आणि नोकरीला आलेल्यांना घरासारखं जेवण मिळावं म्हणून ही निघाली, आपल्या गिरणगावातल्या खाणावळींसारखीच. इथे छापील मेनूकार्डाचं कौतुक नाही. सकाळी बाजारात जे मिळालं ते शिजतं, त्याचं नाव आणि भाव फळ्यावर खडूने लिहिला जातो, संपलं की पुसला जातो. भात वेगळा, डाळ वेगळी, मासा वेगळा. केळीच्या पानाचे आणि लिंबाच्या फोडीचेही पैसे वेगळे! पहिल्यांदा हसू येतं, पण विचार केला की पटतं. ज्याला जेवढं हवं तेवढंच तो घेतो, अन्न वाया जात नाही, मासा महागला तर तेवढाच भाव वाढतो आणि डाळ-भात खाणाऱ्या गरिबाच्या खिशाला झळ बसत नाही.

दुधावर आलेली दोन संकटं

हंगाम निदान सांगून येतो. काही संकटं मात्र पंचांगात नसतात. १९६५ साली राज्यात दुधाची आणि अन्नधान्याची टंचाई होती. मुख्यमंत्री प्रफुल्लचंद्र सेन यांच्या सरकारने छेन्याच्या मिठाया करण्यावर बंदी घातली. मुलांना आणि आजाऱ्यांना दूध मिळावं हा हेतू. पण रसगुल्ला आणि संदेश हेच ज्यांचं जगणं, त्या कारागिरांच्या हातचं काम गेलं. रसगुल्ल्याचे जनक म्हणून ज्यांना बंगाल ओळखतो, त्या बागबाजारच्या नवीनचंद्र दास यांच्या वारसांची पेढी म्हणजे के. सी. दास. त्यांनी १९३० सालीच डबाबंद रसगुल्ला बाजारात आणला होता, म्हणजे नाशवंत माल टिकवून लांब पाठवायची विद्या घरातच होती. बंदीने आणखी एक धडा दिला. सगळी अंडी एका टोपलीत नकोत! १९७२ मध्ये त्यांनी बंगळूरला बस्तान बसवलं. बंदी उठली, १९६७च्या निवडणुकीत सेनही हरले, पण बंगळूरचं दुकान बंगाली रसगुल्ला दक्षिणेत रुजवून गेलं.

दुसरं संकट २०२०चं. मार्चअखेरीस देशभर टाळेबंदी लागली, मिठाईची दुकानं बंद झाली आणि दूध घ्यायला कुणी नाही म्हणून गवळ्यांवर ते ओतून द्यायची पाळी आली. तेव्हा राज्य सरकारने दुपारी १२ ते ४ या वेळेत मिठाईची दुकानं उघडायला परवानगी दिली. बाहेरगावच्यांनी थट्टा केली, की बंगाल्यांना रसगुल्ल्यावाचून करमेना. पण खरी गोष्ट निराळी होती. १९६५ मध्ये दूध वाचवण्यासाठी मिठाई बंद केली होती, ५५ वर्षांनी दूधवाल्याला वाचवण्यासाठी मिठाई चालू केली. दुकानाच्या मागे गोठा असतो, गोठ्यामागे एक घर असतं, हे त्यात कुणीतरी ओळखलं होतं.

पूजेचे पाच दिवस

आणि दुर्गापूजा? डिसेंबर २०२१ मध्ये युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलेला हा उत्सव म्हणजे खाण्याचाही महापूर. आपण नवरात्रात उपास करतो, बंगाली माणूस पूजेत मटण-बिर्याणी आणि काठी रोल खातो! रात्रभर माणसं मंडपांमागून मंडप बघत हिंडतात आणि उपाहारगृहं त्यांच्यासाठी उशिरापर्यंत जागी असतात. पण वर्षाची कमाई पाच दिवसांवर टाकणं किती जोखमीचं, ते २०२५ साली दिसलं. पूजेला आठवडाही राहिला नव्हता, तेव्हा २२ सप्टेंबरच्या रात्री आणि २३च्या पहाटे कोलकात्यावर सुमारे अडीचशे मिलिमीटर पाऊस कोसळला. माणसं दगावली, रस्त्यांच्या नद्या झाल्या, कॉलेज स्ट्रीटवरची पुस्तकं भिजली. फुटपाथवर टपरी मांडणाऱ्याने उसने पैसे काढून भरलेला माल भिजला तर त्याला तेरावा सण कुठून मिळणार? तरीही षष्ठीपर्यंत शहर उभं राहिलं आणि पूजा झाली.

या दुकानांनी कुठल्या शाळेत व्यवस्थापन शिकलं नाही. एक मूळ माल धरून ऋतूप्रमाणे चव बदला. सणाच्या कमाईवर रोजचा गल्ला अवलंबून ठेवू नका. बाजारात मिळेल तेच शिजवा आणि भाव उघडपणे फळ्यावर लिहा. टिकाऊ माल आणि दुसरी पेठ हाताशी ठेवा. आपल्याकडे पोळी-भाजी केंद्र किंवा फराळाचा घरगुती उद्योग चालवणाऱ्या कुणालाही हे चार धडे उपयोगी पडावेत.

जायचं असेल तर मुंबईहून गीतांजली एक्सप्रेस किंवा हावडा मेल आहे, पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेस. पहिल्या खेपेला नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. सकाळी उत्तर कोलकात्यातल्या जुन्या मिठाईवाल्यांकडे जा, दुपारी पाइस हॉटेलात एकच्या आत पोचा, उशीर झाला तर फळ्यावरची अर्धी नावं पुसलेली असतील. संध्याकाळी कॉलेज स्ट्रीटच्या कॉफी हाऊसमध्ये बसा. कामगारांची सहकारी संस्था ते चालवते आणि एका कपावर तासभर बसलात तरी सहसा कुणी उठवत नाही. येताना नोलेन गुळाचा संदेश जरूर आणा, पण तो लवकर संपवा. ठेवून खायचा पदार्थ नाही तो, आणि त्याची गोडीही त्यातच आहे.