जिन्याचं वळण

शाळांत आगीचा सराव घेताना घंटा झाली की सर्वांत वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या रांगेबरोबर खाली उतरायचं, हा माझा जुना शिरस्ता. यंदा गुडघ्यांनी तो मोडला. आता सरावाच्या वेळी मी पहिल्या मजल्याच्या वळणावर भिंतीला टेकून उभा राहतो, आणि तेव्हापासून त्या वळणाशिवाय दुसरं काही सुचत नाही.

वरून सातवी-आठवी येते, त्याच वेळी दुसरी-तिसरी दारातून बाहेर पडते. दोन्ही रांगा इथेच भिडतात. आधी कुणाला सोडायचं? वरच्यांना अडवावं, तर धूर वरच चढतो. खालच्यांना अडवावं, तर सर्वांत लहान पोरं वर्गात अडकतात. एकाआड एक सोडावं, तर रांग तुटते नि मैदानात हजेरी जुळत नाही. राष्ट्रीय इमारत संहिता शाळेला किमान दीड मीटर रुंद जिना सांगते. पण वळणावर हात आडवा कोणी नि कधी धरायचा, ते तिथल्या बाईंनाच ठरवावं लागतं. सध्या मी लहानांना कठड्याकडून उतरवतो, मोठ्यांना भिंतीकडून. पण कठडा लहानांच्या खांद्याशी येतो. त्यांच्या हाताला लागेल असा दुसरा दांडा खाली हवा. एवढ्याशा पाइपासाठी मी शाळांशी भांडतो.

१६ जुलै २००४ला कुंभकोणमच्या शाळेत ९४ मुलं गेली. आग स्वयंपाकघरातून झावळ्यांच्या छपराला लागली, वर वर्ग भरले होते. त्याच प्रकरणातून २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला. त्यानंतर प्रमाणपत्रं वाढली. तारीख आधी कळवायची, मुलं आधीच व्हरांड्यात उभी करायची, नाकाला रुमाल, फोटो, संपलं. असे सराव घेणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. त्यांना वळण दिसतच नाही, कारण तिथे कुणी भिडतच नाही.

मला आकड्यांचा मोह आहे, हे कबूल करतो. स्टॉपवॉच थांबवून मैदानात वेळ जाहीर करताना माझा आवाज चढतो. दुसऱ्या कुणी सराव घेतलेल्या शाळेचा आकडा मी खाली आणला, तर आठवडाभर तेच डोक्यात घोळतं. आता वेळ घ्यायला माझ्याकडे शिकणारा मुलगा खाली उभा असतो, आणि टाळ्या त्याला मिळतात. तेही मला लागतं.

पुढचा सराव मधल्या सुट्टीत, न कळवता. तेव्हा कुणी रांगेत नसतं; डबे उघडे, निम्मी पोरं नळावर. मुख्याध्यापिका बाईंना दिवस सांगितलेला नाही. एकच मागितलंय: मागच्या जिन्याच्या चॅनल गेटची किल्ली शिपाईमामांच्या खिशात नको. शाळा भरलेली असेपर्यंत त्या गेटला कुलूपच नको.