गवतात वाकून

पोकेमॉनशी माझी ओळख २००३ सालची. आधी कार्टून नेटवर्कवरची हिंदी मालिका, मग चिप्सच्या पाकिटात निघणाऱ्या चकत्या. प्रत्यक्ष खेळ बऱ्याच उशिरा आला, तोही सायबर कॅफेतल्या संगणकावर. त्या सगळ्या खेळांचा साचा एकच. गावातून निघायचं, आठ जिम जिंकायच्या, शेवटी चॅम्पियनला हरवायचं. उंच गवतातून चालताना मधेच पडदा लखलखायचा आणि एखादा प्राणी समोर उभा राहायचा. तो तिथं काय करत होता, कुठं निघाला होता, काही कळायचं नाही. गवत म्हणजे निव्वळ सोडत. १९९६ साली जपानमध्ये पहिला खेळ आला तेव्हापासून थोडेफार बदल सोडले तर हेच चाललेलं, म्हणून मी मधल्या कित्येक आवृत्त्या सोडून दिल्या होत्या.

ही मालिका ज्याच्या डोक्यातून निघाली तो सातोशी ताजिरी लहानपणी टोकियोजवळच्या माचिदात किडे गोळा करत हिंडायचा. झाडाखाली, दगडाखाली शोधत बसण्याचा तो नाद खेळात उतरता उतरता बराचसा यादीत अडकला, असं मला नेहमी वाटायचं.

२८ जानेवारी २०२२ रोजी ‘पोकेमॉन लेजेंड्स: आर्सियस’ आला. आमच्या चंद्रपूरच्या घरी तो आतेभावाच्या बॅगेतून, दुबईमार्गे पोचला. यात जिम नाहीत. काळ जुना, प्रदेश हिसुई, म्हणजे आधीच्या खेळांतल्या, होक्काइदोवर बेतलेल्या सिनोहचं पूर्वीचं रूप. माणसं तटबंदीच्या गावात राहतात आणि बाहेरच्या प्राण्यांना घाबरतात. सुरुवातीलाच तीन प्राणी धरून आणायचं काम मिळतं, आणि त्या तिघांत सगळा खेळ कळतो. बिडूफ तुम्हाला पाहूनही ढिम्म. स्टारली चाहूल लागताच उडून जातो. शिंक्स सरळ अंगावर येतो. पोकेमॉन थेट खेळाडूलाच मारतात, ही गोष्ट मुख्य खेळांत पूर्वी नव्हती. गवतात वाकून सरकायचं, पाठीमागून जायचं, चेंडू नेम धरून फेकायचा. लढाई हवी तरच. सुरुवातीच्याच एका माळावर लाल डोळ्यांची, आपल्या आवाक्याबाहेरची प्रचंड रॅपिडॅश फिरत असते. तिला लांबून वळसा घालायचा, हे कोणी शिकवावं लागत नाही.

जाणकार याला खराखुरा ओपन-वर्ल्ड म्हणत नाहीत, कारण जग सलग नाही, पाच वेगळे प्रदेश आहेत. मला त्याचं काही वाटलं नाही. मला दचकवलं ते गवतानं. त्याच फेब्रुवारीत आमच्या शहराला लागून असलेल्या औष्णिक वीज केंद्राच्या परिसरात वाघानं एका कामगाराला मारलं, आणि पाठोपाठ दुर्गापुरात बिबट्यानं एका मुलाला. संध्याकाळी झुडपांच्या बाजूनं जाऊ नका, असं घरोघरी चाललं होतं. अशा दिवसांत पडद्यावरच्या गवतात वाकून बसलं की आधीच्या सगळ्या खेळांतलं गवत खोटं वाटायला लागतं.

तेव्हा आलापल्लीहून मामा आले होते. हयात वनखात्यात गेली, आता निवृत्त. माझ्या मागं उभं राहून बराच वेळ पाहत राहिले, मग म्हणाले, “काऊन रे, वारा कोणीकडचा हाय?” मी म्हटलं, “मामा, यात वाऱ्याचं काही नसते. दिसलं आणि ऐकू गेलं, एवढंच.” “मंग जनावराले नाकच नाही म्हन की!” आणि खुर्ची ओढून बसले.

इथं पकडून भागत नाही, हे त्यांना आवडलं. प्रत्येक प्राण्याची नोंद भरायची असते: किती पाहिले, कसे धरले, कोणता डाव टाकताना पाहिला. बुद्ध पौर्णिमेला ताडोब्यात पाणवठ्यावरच्या मचाणावर मी प्राणी मोजायला बसलो होतो तेव्हाचा कागद आठवला: वेळ, प्राणी, नर-मादी, पिल्लं. रात्रभरात भरल्या त्या ओळी बहुतेक चितळ आणि रानडुकरांच्या. वाघांचा अंदाज आता कॅमेरा ट्रॅपवरून बांधतात, पण मचाणावर बसायला लोक अजून धडपडतात, आणि मला ते अगदी पटतं.

एक गोष्ट मात्र खटकली. पहिली नोंदवही लिहितो परदेशातून आलेला प्राध्यापक आणि नव्यानं वस्ती केलेली मंडळी. डायमंड आणि पर्ल ही कुळं तिथं आधीपासून राहतात, मानाच्या पोकेमॉनची निगा राखतात, आणि तरी त्यांचं ज्ञान कथेत मदतनिसाच्या जागी. गडचिरोलीत गोंड-माडिया कुळांना आपापले प्राणी असतात, ते मारायचे नसतात. कोण कुठं वितं, काय खातं हे कोणी लिहून ठेवण्याआधीपासून तिथं माहीत आहे. खेळ त्या प्रश्नाच्या दारापर्यंत येऊन परत फिरतो. रंगही फिके, माळ पुष्कळदा ओसाड.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’ आले. जग सलग, वाट हवी ती धरा. पण चित्र अडखळतं, जिम परत आल्या, आणि प्राण्यांची भीती गेली. मी आर्सियसकडेच वळलो.

मामांना शेवटी कंट्रोलर दिला. “अस्वल हाय का यात?” हा त्यांचा पहिला प्रश्न. मोहफुलं वेचणाऱ्या बायका वाघापेक्षा अस्वलाला जास्त भितात, हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक. उर्सारिंग दाखवलं. पौर्णिमेच्या रात्री पीटचा तुकडा दिला की त्याचं उर्सालुना होतं, हेही सांगितलं. पौर्णिमेचं ऐकून त्यांनी मान डोलावली, ताठ चालत समोर गेले आणि लगेच आडवे झाले.

“हे तं समोरून येऊन ऱ्हायलं,” कंट्रोलर परत देत ते म्हणाले. “अस्वल कुठं असं सांगून येते?”